डावीकडून दोन ठोके

मुहर्रम बे, अलेक्झांड्रिया
९ जानेवारी २०१४

रगाई,

आधी 'प्रिय' लिहिलेलं नाही, हे तुझ्या लक्षात आलं असेल. शाळेत नन्सनी आम्हाला शिकवलं होतं की मायन्यात खोटं लिहिलं की पुढचं सगळं पत्र खोटं होतं.

तुझा पत्ता बंदरावरच्या तुझ्या जुन्या मुकादमाने दिला. "मोठ्या बहिणीला देऊ नका," असं तू त्याला बजावलं होतंस म्हणे. एकतीस वर्षं मी टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली. माझ्यापासून कुणाचा ठावठिकाणा लपवणारा माणूस या शहरात अजून जन्मायचा आहे. तर तू सफागाला आहेस, फॉस्फेटच्या धक्क्यावर. फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र.

मला काही नको आहे. तुझ्या मुलाबद्दल लिहायचं आहे. बहगत गोल खातोय.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत त्या सामन्यात पोरं मारली गेली, मैदानांची दारं प्रेक्षकांना बंद झाली, तू निघून गेलास, आणि तेव्हापासून हे चाललं आहे. आधी मला वाटलं, बाप गेला म्हणून बिथरला असेल. पण माणूस दोन वर्षं बिथरलेला राहत नाही. या मोसमात सहा सामन्यांत अकरा गोल. ज्याला बंदर क्लबची भिंत म्हणायचे, त्याला आता कोच कॅप्टन हिलमी सगळ्यांसमोर म्हणतो, "भिंत कसली, खिडकी आहे! आणि तीही उघडी!" कॅप्टन हिलमीचं पोट त्याच्या आधी मैदानात पोचतं, पण संघ त्याच्या हातात आहे. त्याने स्पष्ट सांगितलं आहे: मोसम संपेपर्यंत सुधारला नाही तर सुट्टी. तांता गावचा एक नवा पोरगा हेरून ठेवला आहे. बहगत सत्तावीसचा आहे. क्लबने सोडलेला गोलकीपर कोण घेतो?

टीव्हीवर रोज रात्री टायवाले विद्वान बसतात. रिकाम्या मैदानात यजमानांचा फायदा संपतो, पंच पाहुण्यांना कमी कार्डं दाखवतो, लोक नसले की खेळाडू कमी धावतो, असं आकडे मांडून सांगतात. शाब्बास! लग्नात वऱ्हाड आलं नाही तर नवरदेव नाचत नाही, हे सांगायला आकडे कशाला? आणि तेही खरं नाहीच. आपला तो उकाशा आठवतो? लोकांपुढे चेंडू आला की ज्याचे पाय लटपटायचे, लोक ज्याला 'ओली मांजर' म्हणायचे? तो आता वाऱ्यासारखा पळतो. बघायला कुणी नाही म्हटल्यावर मांजराचा वाघ झाला. आणि तुझा वाघ मात्र चेंडू आत गेल्यावर उडी मारतो.

त्या सामन्यात गेलेल्या इमादच्या शोकाच्या मांडवात मी तुला जे बोलले ते सगळ्यांच्या मनात होतं. मी फक्त मोठ्याने बोलले.

तू ये असं मी म्हणत नाही. तू बाप आहेस, एवढी आठवण करून देते.

इनायात


६ फेब्रुवारी २०१४

रगाई,

उत्तर नाही. ठीक. पोस्टमनने तुझी सही आणून दाखवली, म्हणजे हात शाबूत आहेत.

मी मैदानात जाऊन आले. प्रत्येक क्लबला तीस माणसांची यादी देता येते. त्या यादीत मी 'चहापान व्यवस्थापक' आहे. क्लबचा सेक्रेटरी कुरकुरत होता, "मादाम इनायात, तुम्ही आणि फुटबॉल?" मी म्हटलं, "ज्या वर्षी तुमची सासू इस्पितळात होती आणि तुम्ही दर संध्याकाळी भलत्याच नंबरला ट्रंक कॉल लावायचात, ते वर्ष मला अजून आठवतं." नाव लगेच चढलं.

रगाई, मी आयुष्यभर आवाजांची नोकरी केली, पण असली शांतता ऐकली नव्हती. अठरा हजार खुर्च्या आणि चेंडूला लाथ बसल्याचा आवाज, गादीवर काठी मारावी तसा. बूट घासल्याचा आवाज. कुणाचा तरी खोकला. पोरं एकमेकांशी अदबीने बोलतात, कारण शिव्या थेट टीव्हीवर जातात. आमच्या बचावातल्या एकाने पंचाच्या आईचा उद्धार केला, तो पंचाने चाळीस पावलांवरून ऐकला आणि सरळ लाल कार्ड. "एवढी वर्षं शिव्या देतोय, कुणाला ऐकू गेल्या होत्या का?" असं रडवेला होऊन विचारत तो बाहेर गेला.

मी चहाच्या किटलीपाशी उभी राहून फक्त बहगतकडे बघत होते. आणि मला एक गोष्ट दिसली.

चेंडू त्याच्या डावीकडे गेला की तो मान किंचित फिरवायचा, उजवा कान मागे, स्वस्त तिकिटांच्या त्या रिकाम्या पायऱ्यांकडे. ही मान मी ओळखते. लाइन मेली की माझ्या मुली एक्स्चेंजवर अशीच मान करायच्या, हेडफोन दाबून, "हॅलो, हॅलो", पलीकडे कुणी नसताना. तुझा मुलगा गोलपाशी उभा राहून कुणाचीतरी वाट बघत होता. तेवढ्यात चेंडू आत.

घरी येताना ट्राममध्ये मला तुझा ढोल आठवला. तू दर मध्यंतराला तो गळ्यात अडकवून, अख्खं मैदान वळसा घालून दुसऱ्या टोकाला जायचास. लोक हसायचे: "रगाईची वरात निघाली!" मी पण हसायचे. म्हणायचे, बिनडोक आहे, अंधश्रद्धाळू आहे. मध्यंतरानंतर बहगत त्या टोकाच्या गोलमध्ये जायचा, नाही का? तू त्याच्या मागे जायचास. दमनहूरला, इस्माइलियाला, जिथे तो तिथे तू, दोन्ही अर्ध्यांत त्याच्या पाठीशी.

रात्री बहगतला फूलच्या दाण्यांची उसळ वाढता वाढता मी विचारलं, "बाबा ढोल वाजवून तुला काय सांगायचे?"

त्याने पाव बशीत ठेवला. मग म्हणाला, "गाण्याचा ताल चालूच असायचा. मधेच दोन जड ठोके आले की डावीकडून."

"म्हणजे?"

"म्हणजे चेंडू डावीकडून येतोय. त्या बाजूचं मला उशिरा दिसतं, आत्या. डावा डोळा धुरकट आहे. लहानपणापासून." मग माझ्याकडे पाहिलं. "बाबांना समुद्रावर खेळताना कळलं होतं. तुला माहीत नव्हतं?"

मी बशा उचलायला उठले.

एवढी वर्षं तू मला सांगितलं नाहीस. दहा वर्षं शुक्रवारी शुक्रवारी माझ्या डोळ्यांसमोर हे चाललं होतं आणि मी तुला उनाड म्हणत राहिले. का नाही सांगितलंस? मी ओरडले असते म्हणून? ओरडले असतेच.

इनायात


१७ मार्च २०१४

रगाई,

काल तू सामना पाहिला असशील तर तुला ते ऐकू आलं असेल. पाहिला नसशील तर माझ्याकडून ऐक, कारण मिसर देशभर सगळ्यांनी ऐकलं.

पाहुण्यांचा कोच म्हणजे बारीक मिशीचा, शिट्टीसारख्या आवाजाचा माणूस. गर्दी असती तर त्याचा आवाज त्याच्या स्वतःच्या कानापर्यंत पोचला नसता. काल तो रेषेवर उभा राहून ओरडला, आणि मायक्रोफोनने शब्द न् शब्द घराघरात पोचवला: "त्याच्या डावीकडून टाका! तिकडचं त्याला दिसत नाही! आंधळा आहे त्या बाजूने, आंधळा!"

तीन गोल. तिन्ही डावीकडून.

मी टीव्ही बंद केला. खालच्या कॉफीहाउसमधला चालूच होता. तिथे कुणी हसलं नाही, हे त्या लोकांच्या बाजूने सांगायला हवं.

लोक नव्हते म्हणून त्याचा आधार गेला, आणि लोक नव्हते म्हणूनच त्याचं गुपित चव्हाट्यावर आलं. टायवाल्यांच्या आकड्यांत हे कुठे बसतं ते त्यांनी सांगावं.

आज क्लबचा डॉक्टर त्याचे डोळे तपासणार होता. बहगत सकाळी दारात बूट घालताना म्हणाला, "आत्या, तक्ता तोच असेल का गं?" सहज म्हणाला. त्याच्या मनात काही नव्हतं. पण माझ्या हातातली किटली मी खाली ठेवली, ती अजून उचललेली नाही.

आता जे लिहिते ते मी कुणालाही सांगितलेलं नाही. नन्स असत्या तर त्यांनाही नाही.

बहगत सात वर्षांचा होता. पोराच्या आईला, हुदाला, जाऊन तीन वर्षं झाली होती, तू दोन-दोन पाळ्या करत होतास, पोर माझ्याकडे होतं. शाळेच्या डॉक्टरने सांगितलं, डावा डोळा आळशी आहे. चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधा, वर्षभर, म्हणजे आळशी डोळा काम शिकेल. आत्ताच केलं तर बरा होईल, नंतर नाही. हे शेवटचं वाक्य त्याने दोनदा सांगितलं.

मी पट्टी बांधली. नऊ दिवस. गल्लीतली पोरं त्याला 'काण्या, काण्या' करत मागे लागायची. नवव्या दिवशी तो शर्ट फाडून घेऊन आला, रडला नाही, नुसता भिंतीकडे तोंड करून बसला. मला ते बघवलं नाही. खरं सांगू? त्याचं दुःख बघवलं नाही, हे अर्धं. माझ्या घरातल्या पोराला कुणी काणा म्हणतंय, हे उरलेलं अर्धं. मी पट्टी चुलीत टाकली.

तीन महिन्यांनी फेरतपासणी होती. तुला तो तक्ता माहीत आहे, एका बाजूला उघडी असलेली काळी कडी, आणि मुलाने हाताने दाखवायचं की ती कुठे उघडी आहे. मी त्याच्या आधी दवाखान्यात जाऊन सगळ्या ओळी उतरवून आणल्या आणि त्याच्याकडून पाठ करून घेतल्या, जसं नन्सनी आमच्याकडून प्रार्थना पाठ करून घेतल्या होत्या. मी मुलुखियाची पालेभाजी चिरायची आणि तो समोर उभा राहून हात हलवायचा: वर, खाली, डावीकडे, डावीकडे, उजवीकडे, वर. एकही चूक न करता. डॉक्टर म्हणाला, "कमाल आहे, मादाम, पूर्ण बरा झाला!" आणि मी मान डोलावली.

तुला सांगितलं, बरा झाला. पुढे क्लबच्या तपासणीलाही तेच हात हलले. कारण या देशात सगळं बदलतं, भिंतीवरचा तक्ता बदलत नाही.

तू त्याच्या आंधळ्या बाजूला दहा वर्षं ढोल वाजवत उभा राहिलास. ती बाजू मी आंधळी ठेवली होती.

हे वाचून तू पत्र फाडलंस तर मला समजेल.

इनायात


२ मे २०१४

रगाई,

क्लबच्या डॉक्टरने अहवालात काय लिहिलं कुणास ठाऊक. त्याने बहगतला फक्त एवढं सांगितलं, "मुला, आता यावर इलाज नाही." तरीही कॅप्टन हिलमीने काल त्याला खेळवला, कारण तांताच्या पोराचा अंगठा मोडला. घरच्या मैदानावर, मोसमाचा शेवटचा सामना. बरोबरी झाली असती तरी पुरे होतं. बहगतला आदल्या दिवशी म्हणाला, "भरवसा दे मला. एक सामना. मग पुढच्या वर्षाचं मी बघतो."

तू इथे असतास तर मला अडवलं असतंस.

उत्तरेकडच्या गोलामागे ती पाच मजली इमारत आहे ना, गच्चीवर उम्म फरहाची कबुतरं असतात? मी दुपारी तिथे चढले. पिशवीत आईचा पितळी खलबत्ता होता. तोच, जो बहगतच्या जन्मानंतर सातव्या दिवशी त्याच्या कानाशी मी बडवला होता. पोराला चाळणीत ठेवलं होतं, हुदा लाजून हसत होती आणि मी रिवाजाप्रमाणे ओरडत होते, "आत्याचं ऐक! बापाचं ऐकू नकोस! आत्याचं ऐक!" मोठ्या बहिणीला तू तेव्हा मानाने अब्ला म्हणायचास; तूच हसून म्हणाला होतास, "पोरगं बहिरं होईल, अब्ला."

उम्म फरहा म्हणाली, "मादाम, कबुतरं बिचकतील."

"तुझी कबुतरं याच मैदानाच्या गोंगाटात वाढली."

"म्हणून तर! दोन वर्षं शांतता आहे, तर दुप्पट अंडी घालताहेत. गर्दीपेक्षा बरं आहे की!"

मी म्हटलं, या देशात रिकाम्या मैदानाचा कुणाला तरी फायदा झाला म्हणायचा. ती हसली. कठड्यापाशी मला स्टूल दिलं.

पहिला अर्धा बहगत माझ्या खालीच होता, माझ्याकडे पाठ करून. त्याची डावी ती माझी डावी. चेंडू त्या बाजूला सरकला की मी दोन ठोके द्यायची. पितळेचा आवाज त्या रिकाम्या मैदानात चर्चच्या घंटेसारखा घुमला. पहिल्या वेळी तो दचकला. दुसऱ्या वेळी ठोक्याबरोबर वळला, आणि चेंडू पंजात. तिसरा त्याने असा अडवला, रगाई, की पाहुण्यांचे राखीव खेळाडूसुद्धा उभे राहिले. शून्य-शून्य.

मध्यंतराला त्याने वर बघितलं. मला ओळखलं. हातमोजा उजव्या कानावर ठेवला आणि मान झुकवली. दोन वर्षांत पहिल्यांदा मी त्याला असं उभं राहिलेलं पाहिलं, खांदे मोकळे, तू त्याच्या मागे असायचास तेव्हा असायचे तसे.

आणि तो चालत दुसऱ्या टोकाच्या गोलकडे गेला. त्या टोकामागे रेल्वेचं यार्ड आहे, चढायला जागा नाही. मी गच्चीवरच राहिले.

तुझी वरात. मी किती हसले होते तुझ्या वरातीवर. ढोल घेऊन तू का चालत जायचास ते मला वाटलं होतं कळलं आहे. त्याला ऐकू जावं म्हणून, एवढंच कळलं होतं मला.

शेवटची दहा मिनिटं असतील. त्यांचा एक खेळाडू चेंडू घेऊन माझ्या डावीकडून सुटला, आणि मी माझ्या जिवाच्या आकांताने दोन ठोके दिले. बहगत आता माझ्याकडे तोंड करून उभा होता. माझी डावी ती त्याची उजवी. मला ते कळलं तेव्हा बत्ता खाली येऊन चुकला होता.

तो डावीकडे झेपावला. चेंडू उजवीकडून गेला, हळू, गवतावरून, लहान पोराने ढकलावा तसा.

कबुतरं उडाली. खाली कुणी ओरडलंही नाही. अठरा हजार माणसं असती तर निदान आरडाओरड्यात हे झाकलं गेलं असतं.

संध्याकाळी तो घरी आला. मी दारातच विचारलं, "उजवीकडचं तर तुला दिसतं. तो चेंडू दिसला नाही?"

"दिसला की."

"मग?"

"तू दोनदा वाजवलंस, आत्या." तो मोजे काढत होता. "तू जागा बदलायला हवी होतीस. बाबा बदलायचे."

एवढंच. आवाज चढवला नाही. मी विचारलं, मीच वाजवतेय हे तुला वर न बघताच कसं कळलं. म्हणाला, "सातव्या दिवसापासून ओळखतो."

जी बाजू त्याला स्वच्छ दिसत होती, त्या बाजूने त्याने गोल खाल्ला, कारण त्याने डोळ्यापेक्षा माझ्यावर विश्वास ठेवला. दुसऱ्यांदा. पहिल्यांदा ठेवला तेव्हा सात वर्षांचा होता.

क्लबने आज त्याला मोकळं केलं.


११ मे २०१४

प्रिय रगाई,

हे पत्र पोस्टाने येणार नाही. ते ज्याच्या हातात देते आहे, तो दारात पिशवी घेऊन उभा आहे आणि म्हणतोय, "आत्या, बस चुकेल, कादंबरी लिहितेस का?"

सामन्याच्या दिवशी संध्याकाळी फोन वाजला होता. मी उचलला. कुणी बोललं नाही, पण लाइन उघडी होती. मागे माल वाहणाऱ्या पट्ट्याची घरघर होती आणि लांबवर जहाजाचा भोंगा. एकतीस वर्षं मी लोकांच्या गप्प राहण्याचे प्रकार ओळखत आले, रगाई. रागाने गप्प बसलेला माणूस लगेच ठेवून देतो. तू चार मिनिटं ठेवला नाहीस. ते चुकलेले दोन ठोके तू टीव्हीवर ऐकले होतेस. ते काय होतं, हे या जगात आणखी कुणाला कळलं असतं? मीही बोलले नाही. मला तेव्हा शब्द सापडला नाही. नन्सनी फ्रेंचमध्ये क्षमा मागायला शिकवलं होतं. ती इतकी सफाईदार यायची की तिचा कधी उपयोगच झाला नाही.

तेव्हा आता आपल्या भाषेत. इमादच्या शोकाच्या मांडवात, त्याच्या आईदेखत, मी तुला म्हणाले की तुमच्या ढोलांनीच पोरांना मैदानात बोलावून मारलं. इमाद तुझ्या शेजारी उभा राहून झांजा वाजवायचा, तू त्याला मुलासारखा मानायचास, आणि त्या दिवशी तो दुसऱ्या शहरातल्या सामन्याला गेला होता, जिथे तू नव्हतास, तुझा ढोल नव्हता. हे मला तेव्हाही माहीत होतं. तरी मी ते बोलले. सगळ्यांच्या मनात नव्हतं ते. फक्त माझ्या तोंडात होतं. मला माफ कर.

बहगत पुढे काय करणार ते त्याने ठरवलेलं नाही. तुझ्या धक्क्यावर क्रेनचं काम मिळेल का, असं त्याच्या मनात आहे. तिथेही डोळे तपासतात. या वेळी मी त्याला काही पाठ करून दिलेलं नाही.

पिशवीत तुझा ढोल आहे. कातडं सैल पडलं आहे, ते तू बघ. खलबत्ता मी ठेवून घेतला. मसाला कुटायला लागतो.

एकच सांगायचं राहिलं. बस सकाळी सफागाला पोचेल. स्टँडवर उतरून तो पहिल्यांदा चहाच्या टपरीकडे वळेल, त्याची सवय आहे. तू जर आलास तर त्याच्या उजव्या बाजूने जा. डावीकडून गेलास तर त्याला उशिरा दिसशील, आणि तेवढ्यात त्याला वाटेल की तू आलाच नाहीस.

तुझी अब्ला,
इनायात